एकविसाव्या वर्षी काफिल्याचा म्होरक्या : जोसेफ थॉमसन भूवैज्ञानिक म्हणून किती खरा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : एमएस्सी भूशास्त्राचं शेवटचं वर्ष आहे, टांझानियातल्या एका खनिज-शोध कंपनीची ऑफर हातात आहे, आणि त्याच सुमारास जोसेफ थॉमसनबद्दल वाचनात आलं. विसाव्या वर्षी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने निवडलेला, एकविसाव्या वर्षी दीडशे माणसांच्या काफिल्याचा प्रमुख झालेला स्कॉटिश पोरगा. ‘हा खरंच भूवैज्ञानिक होता की नशिबाने मोठा झालेला प्रवासी? आणि माझ्यासारख्या नवख्याने त्याच्याकडून काय घ्यावं?’

मी सुरुवात विदर्भातल्या कोळशावर केली. नंतर बरीच वर्षं पूर्व आफ्रिकेत गेली, आधी टांझानियात खनिजांच्या शोधात आणि मग केनियात नैवाशाच्या बाजूला भू-औष्णिक कामावर. थॉमसनच्या काही वाटा त्यामुळे पायाखालच्या आहेत. इतिहासकार म्हणून नाही, फील्डवर राबलेला माणूस म्हणून लिहितो.

तुम्ही एकात दोन प्रश्न गुंतवलेत. एकविसाव्या वर्षी त्याने हे निभावलं कसं, हा एक. भूशास्त्रज्ञ म्हणून त्याने नेमकं काय केलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्याच्या बरोबरच्या माणसांत आहे. दुसऱ्याचं उत्तर त्या त्या मोहिमेत त्याला खडकापाशी थांबायला वेळ किती मिळाला यावर ठरतं, त्यामुळे एका वाक्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही.

त्याचा जन्म १४ फेब्रुवारी १८५८ चा, डम्फ्रीसशायरमधल्या पेनपाँट गावचा. वडील गवंडी आणि दगडखाणवाले. गेटलॉब्रिजच्या लाल वालुकाश्माच्या खाणीत त्याने पोरवयात हातपाय मळवलेले. पुढे एडिंबरा विद्यापीठात तो आर्किबाल्ड गायकी यांच्या हाताखाली भूशास्त्र शिकला आणि १८७८ मध्ये बाहेर पडला. पदवीपेक्षा मला ती खाण महत्त्वाची वाटते. ज्याने छिन्नीने दगड फोडलाय त्याला थर कुठून सुटतो हे बोटांना कळतं, आणि मजुराशी कसं बोलायचं हेही बरंचसं तिथेच कळतं. नव्या मुलांना कामावर घेताना मीही गुणपत्रिकेआधी हे बघत असे, की याने कधी कुठल्या बांधकामावर, विहिरीवर, शेतात घाम गाळलाय का.

सोसायटीने त्याला नेमलं ते भूवैज्ञानिक आणि निसर्ग-अभ्यासक म्हणून, दुय्यम जागेवर. प्रमुख होता अलेक्झांडर कीथ जॉन्स्टन, नकाशांच्या कामात मुरलेला माणूस. न्यासा (आजचं मलावी) सरोवराच्या उत्तर टोकापर्यंत आणि तिथून टांगानिकापर्यंत वाट शोधायची, असं काम होतं. १९ मे १८७९ ला दार-एस-सलामहून काफिला निघाला. २८ जूनला, म्हणजे सहा आठवडेही झाले नव्हते, तोवर रुफिजी नदीच्या बाजूला बेहोबेहो इथे जॉन्स्टन आमांशाने गेला. आता थॉमसन एकटा गोरा उरला. परत फिरला असता तर कोणीही नाव ठेवलं नसतं. तो पुढे गेला.

इथे सगळी चरित्रं त्याच्या धैर्याबद्दल लिहितात. धैर्य होतंच. पण दीडशे माणसं, त्यांची ओझी, रोजचं पोशा म्हणजे शिधा, वाटेतल्या प्रत्येक गावच्या मुखियाला द्यायचा हाँगो नावाचा कर, हे सगळं कोण सांभाळत होतं? चुमा. हा याओ जमातीचा माणूस. १८६१ मध्ये गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सुटला तेव्हा पोरगाच होता. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रसिद्ध स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाने १८६४ मध्ये त्याला आपल्या छोट्या आगबोटीतून मुंबईला आणलं आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत ठेवलं. हे विल्सन म्हणजे गिरगाव चौपाटीवरचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे तेच. १८६५ मध्ये मुंबईतच विल्सन यांनी त्याचा बाप्तिस्मा केला. त्याच वर्षी लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईला आला आणि १८६६ च्या आरंभी झांझिबारला निघाला तेव्हा चुमाबरोबर नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमधले आफ्रिकी तरुणही होते. ‘नाशिक बॉइज’ असंच त्यांना म्हणत. नाशिकला शरणपूर रोडवरून जाणाऱ्या कितीजणांना हे माहीत असतं कोण जाणे. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचा देह खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत चुमा आणि त्याचा जोडीदार सुसी पुढे होते.

म्हणजे थॉमसनच्या दिमतीला आलेला मुकादम त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मुरलेला होता. भाषा येत होत्या, माणसं ओळखीची होती, कुठे कापड सोडायचं आणि कुठे हात आखडायचा याचा अंदाज होता. थॉमसनचं मोठेपण माझ्या मते हे, की एकविसाव्या वर्षी त्याने या माणसाचं ऐकलं. हळू जाणारा सुखरूप जातो आणि सुखरूप जाणारा लांब जातो, अशा अर्थाची एक इटालियन म्हण त्याने आपलं ब्रीद केलं होतं. बंदुकीच्या जोरावर वाट काढायची नाही हे त्याने पाळलं. त्याच काळात त्याच मुलुखातून स्टॅनली हा प्रसिद्ध प्रवासी कसा गेला हे वाचलंत तर फरक लक्षात येईल. तुम्ही रुजू व्हाल तिथेही एक चुमा असेल. कदाचित ड्रायव्हर असेल, कदाचित कॅम्प मॅनेजर. पहिल्या आठवड्यात त्याला ओळखा.

आता भूशास्त्राकडे येतो. काफिल्यात हमालाचं ओझं साधारण तीस किलोचं असे. त्यात कापडाचे तागे, मणी, तारेची वेटोळी, म्हणजे वाटखर्चाचं चलनच भरलेलं. खडकांचे नमुने घ्यायचे तर दर तीस किलोंमागे एक माणूस, त्याचा पगार आणि त्याचं जेवण. शिवाय काफिला पाण्याच्या हिशोबाने चालतो, आउटक्रॉपच्या, म्हणजे उघड्या पडलेल्या खडकाच्या, हिशोबाने नाही. सकाळी चांगला उघडा थर दिसला म्हणून दीडशे माणसं उन्हात उभी करता येत नाहीत. म्हणून पहिल्या मोहिमेतली त्याची खडकांची टिपणं चालता चालता केलेली आहेत : इथे नीस, इथे वालुकाश्म, इथे ज्वालामुखीचा खडक. नती, म्हणजे थराचा कल, मोजलेली क्वचितच आढळेल. आजच्या मापाने त्याला नावं ठेवणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं.

त्यातही लुकुगाचं प्रकरण मन लावून वाचा. टांगानिका सरोवराचं पाणी बाहेर जातं की नाही, यावर तेव्हा वाद पेटला होता. इंग्रज प्रवासी कॅमेरॉनने १८७४ मध्ये पश्चिम काठावर लुकुगा नदी पाहिली आणि हीच बाहेर पडणारी वाट असं सांगितलं. स्टॅनली १८७६ मध्ये तिथे गेला तर तोंड गाळ-गवताने बुजलेलं, प्रवाह नावापुरताही नाही. थॉमसन १८७९ च्या अखेरीस पोचला तेव्हा पाणी जोरात पश्चिमेला, काँगोच्या दिशेने धावत होतं. मग खोटं कोण बोललं? कोणीच नाही. सरोवरात येणारं आणि उडून जाणारं पाणी जेमतेम सारखं. पावसाची वर्षं कमी झाली की तोंड गाळाने बुजतं, पातळी चढत जाते आणि एक दिवस बांध फुटतो. तिघांनी एकच जागा तीन वेगळ्या वर्षी पाहिली होती. पुढच्या काळात सरोवराची पातळी बरीच उतरली, तेही याच्याशी जुळतं. थॉमसनने नदीकाठाने काँगोपर्यंत जायचा प्रयत्न केला, पण वारुआ जमातीच्या मुलुखात माणसं अडली आणि त्याला मागे फिरावं लागलं. पाण्यावर काम करणाऱ्या आपल्या लोकांना हे नवीन नाही. एकाच विहिरीची दोन मोजमापं जुळत नसतील तर आधी तारीख बघायची, मग मोजणाऱ्यावर शंका घ्यायची.

याच सरोवराच्या शिंपल्यांनी पुढे मोठा गोंधळ घातला. ते समुद्री शिंपल्यांसारखे दिसत, म्हणून टांगानिका कधीकाळी समुद्राचा भाग असावं असा तर्क निघाला. ब्रिटिश म्युझियमच्या एडगर स्मिथने १८८० मध्ये त्यातल्या एका गोगलगायीला लिम्नोट्रोकस थॉमसोनी असं नाव दिलं. समुद्राचा तर्क पुढे टिकला नाही. लाखो वर्षं एकट्या पडलेल्या खोल सरोवरात गोगलगायी स्वतंत्रपणे तशा घडत गेल्या, असं आज मानतात.

पण थॉमसनचं सगळ्यात चोख भूशास्त्रीय काम कुठलं असं मला विचाराल तर ना सरोवरं, ना मासाई मुलूख. रुवुमा नदीचा कोळसा, १८८१.

झाला प्रकार असा. झांझिबारचा सुलतान बर्गश याच्या कानावर होतं की रुवुमाच्या खोऱ्यात कोळसा आहे. लिव्हिंग्स्टननेच तशी नोंद केलेली. हा बर्गश तरुणपणी गादीसाठी केलेल्या बंडापायी मुंबईला हद्दपारीत राहून गेलेला होता, आगबोटी त्याने जवळून पाहिल्या होत्या आणि पुढे त्याच्या स्वतःच्या वाफेच्या बोटी होत्या. आपल्याच मुलखात कोळसा निघाला तर काय हवं! त्याने थॉमसनला नोकरीवर घेऊन पाठवलं. चुमाही बरोबर गेला. लुजेंडा नदी जिथे रुवुमाला मिळते त्या बाजूला जाऊन थॉमसनने ती जागा पाहिली आणि परत येऊन सांगितलं : हा कोळसा नाही, बिट्युमेनयुक्त शेल, म्हणजे डांबरी द्रव्य मुरलेला मातीचा खडक, आहे. सुलतानाला ते रुचलं नाही आणि थॉमसनचं तिथलं काम लवकरच आटोपलं.

विचार करा. वय तेवीस. पगार देणारा राजा. ज्याने आधी ‘कोळसा’ म्हटलं तो लिव्हिंग्स्टन, म्हणजे त्या काळचा देवमाणूस. आणि समोर काळा, जळणारा दगड. बिट्युमेनचा शेल खरोखर जळतो, धूर काढतो, वासही येतो. अननुभवी माणूस सहज फसेल. आम्ही फील्डवर काय करायचो ते सांगतो. तुकडा तळहातावर घ्यायचा. कोळशाची घनता साधारण १.३ ते १.५, शेल त्याहून बराच जड. सवयीच्या हाताला फरक लगेच कळतो. मग चुलीत टाकायचा. चांगला कोळसा जळून राखेचा भुगा होतो. शेलचा तुकडा ज्वाला विझल्यावर तसाच्या तसा उरतो, कोपरे धारदार, फक्त रंग फिका पडलेला. जळलं ते त्यातलं सेंद्रिय द्रव्य, माती जागच्या जागी. त्यानंतरच पट्टा मोजायचा : जाडी किती, नती किती, समोरच्या काठावर तोच थर येतो का, मध्ये भ्रंश, म्हणजे थर तुटून सरकलेली जागा, आहे का. प्रयोगशाळेचा राखेचा आकडा महिन्याने येतो, पण मनात निकाल बहुतेक वेळा चुलीपाशीच लागलेला असतो.

त्या भागात कोळसा नाहीच असंही नाही, हे गंमतीचं. टांझानियाच्या नैऋत्येला रुहुहू खोऱ्यात कारू काळाचे चांगले थर आहेत, न्गाकाला तर खाणही चालते. आपल्या वर्धा खोऱ्यातल्या, चंद्रपूरच्या गोंडवाना कोळशाचे ते भाऊबंदच. म्हणजे सुलतानाची आशा खुळी नव्हती. पण थॉमसनला विचारलं होतं ते त्या एका जागेबद्दल, आणि त्याने त्या जागेपुरतंच उत्तर दिलं. ‘इथे नाही, पण पुढे असू शकेल, आणखी एक मोहीम काढा’ असं म्हणून त्याला वर्षभराची नोकरी सहज पदरात पाडून घेता आली असती. मला स्वतःला एका खासगी मालकाने अहवालातलं ‘खनिज आढळले नाही’ हे वाक्य काढून तिथे ‘अधिक तपासाची गरज’ घालायला सांगितलं होतं. तुमच्यावरही ही वेळ येईल, बहुधा पहिल्या दोन वर्षांतच. भूवैज्ञानिकाची परीक्षा तिथे होते, म्हणून मी थॉमसनला खरा भूवैज्ञानिक मानतो.

आता याच्या अगदी उलट टोक. १८८३-८४ मध्ये तो मासाई मुलखातून गेला. ज्या मोहिमेने त्याचं नाव झालं ती हीच. पहिल्या खेपेला मासाई बिथरलेले होते, कारण जर्मन प्रवासी फिशर नुकताच तिथे भांडण करून गेला होता. थॉमसन मोंबासाला परतला, पुन्हा निघाला, व्यापाऱ्यांच्या काफिल्याच्या सोबतीने नैवाशा, लायकिपिया, बारिंगो करत डिसेंबर १८८३ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोचला. आबेर्डेअर डोंगररांगेला नाव त्याने दिलं. न्याहुरुरूच्या ७४ मीटर उंच धबधब्याला थॉमसनचं नाव चिकटलं. सफारीचे गाइड ज्याला लाडाने ‘टॉमी’ म्हणतात ते हरणही त्याच्याच नावाचं. मासाईंना आपण मोठे मांत्रिक आहोत असं भासवायला तो इनोचं फसफसणारं पाणी करी आणि दोन खोटे दात काढून दाखवी. हे किस्से चवीने सांगितले जातात. मला आज वाचताना कसंसंच होतं, पण गोळीपेक्षा इनो बरं हेही खरं.

या वाटेवर तो काही अंतर खचदरीच्या (रिफ्ट व्हॅली, म्हणजे जमीन खचून झालेली लांबलचक दरी) तळातून चालला. लाँगोनॉटच्या कड्यावर जाऊन त्याने विवरात डोकावलं, आणि खाली झोकून द्यावं अशी अनावर ओढ वाटल्याचं लिहून ठेवलं. त्या उतारावर मी पुष्कळ चाललोय. पायाखाली प्युमिस हा सच्छिद्र हलका दगड करकरतो, मधूनच ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखी काचेचा, काळा कपचा उन्हात चमकतो, आणि दोन्ही बाजूंना दरीच्या भिंती पायऱ्यांसारख्या उतरलेल्या दिसतात. थॉमसनने ज्वालामुखी नीट ओळखले. जमिनीचा एवढा पट्टा खाली खचलाय, आणि तो लाल समुद्रापर्यंतच्या एकाच भेगेचा भाग आहे, हे चित्र मात्र १८९१ मध्ये व्हिएन्नाच्या स्युस या भूवैज्ञानिकाने घरबसल्या, प्रवाशांच्या नोंदी एकत्र मांडून उभं केलं. १८९३ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक ग्रेगरी खास तेच बघायला बारिंगोपर्यंत गेला आणि ‘ग्रेट रिफ्ट व्हॅली’ हे नाव रूढ झालं. केनियाची साधारण चाळीस टक्के वीज आज ज्या जमिनीखालच्या वाफेवर निघते, तीही याच खचण्यामुळे. ग्रेगरी थॉमसनपेक्षा हुशार होता असं मी म्हणणार नाही. तो प्रश्न घेऊन गेला होता, थॉमसन वाट शोधायला गेला होता.

एल्गॉन डोंगरातल्या गुहांबाबत मात्र थॉमसन सपशेल चुकला. गुहा प्रचंड, आत माणसं गुरांसकट राहत होती. इतकं मोठं कोरकाम निसर्गाचं नव्हे, प्राचीन इजिप्तच्या लोकांनी रत्नांसाठी किंवा धातूसाठी खोदलं असावं, असं त्याला वाटलं. खडक आहे ज्वालामुखीच्या राखेचा आणि गोट्यांचा, भुसभुशीत, क्षारांनी आणि झिओलाइट या पोकळ्यांत वाढणाऱ्या खनिजांनी भरलेला. पाण्याने तो झिजतो आणि त्यातलं मीठ खायला हत्ती रात्री आत शिरून सुळ्यांनी भिंती खरवडतात. स्थानिक लोकही गुरांसाठी हा क्षार खणत आलेत. जळगाव-नाशिककडच्या बेसॉल्टमधले झिओलाइट बघत शिकलेल्या तुमच्यासारख्याला तिथे पोकळ्या भरणारी पांढरी खनिजं पहिल्या नजरेत ओळखू येतील. थॉमसनपाशी तिथे द्यायला वेळ नव्हता, काफिला परतीच्या घाईत होता. रुवुमावर तो एकच प्रश्न घेऊन एकाच जागी गेला आणि बरोबर ठरला. एल्गॉनला वाटेत ओझरतं पाहिलं आणि घसरला. माणूस तोच.

पुढचं थोडक्यात. १८८५ मध्ये सोसायटीचं संस्थापक पदक मिळालं आणि त्याच वर्षी तो नायजरवरच्या ब्रिटिश कंपनीसाठी सोकोटोच्या सुलतानाशी करार करायला गेला. १८८८ मध्ये मोरोक्कोचा ॲटलास. १८९० मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीसाठी कटांगाकडे (आजच्या काँगोत), पण हमालांत देवी पसरली आणि तो तिथे पोचलाच नाही. हा काळ मला आवडत नाही. हातात हातोडी कमी आणि सहीचे कागद जास्त. ज्या मुलखातून तो माणुसकीने चालत गेला, तोच मुलूख कंपन्यांच्या नावावर करून द्यायच्या कामी तो लागला.

तुमच्या ऑफरबद्दल. कंपनीला मुलाखतीत विचारा की एका जागेवर भूवैज्ञानिकाला किती दिवस राहू देतात, आणि अहवालावर सही कोणाची असते. ‘नाही’ म्हणणारे जुने अहवाल दाखवायला सांगा. ज्या कंपनीकडे असा एकही अहवाल नाही, तिथे जाऊ नका. हेही खरं की घरची परिस्थिती, कर्ज, दुसरी ऑफर आहे की नाही, यावर तुमचा निर्णय फिरेल. ते मला इथून दिसत नाही.

आणि एक गोष्ट पगाराच्या आधी बघा. जॉन्स्टन सहा आठवड्यांत गेला. चुमा १८८२ मध्ये क्षयाने गेला, वय तिशीच्या आसपास. थॉमसनला ३१ डिसेंबर १८८३ ला जखमी रानरेड्याने शिंगावर घेतलं, मग आमांशाने महिनोन्‌महिने झोळीतून न्यावं लागलं. तब्येत पुन्हा पुरती सावरली नाही आणि २ ऑगस्ट १८९५ ला लंडनमध्ये न्यूमोनियाने तो वारला, सदतिसाव्या वर्षी. आज औषधं आहेत, पण कॅम्प अजूनही तितकेच लांब आहेत. पिवळ्या तापाची लस घेऊन कार्ड जपून ठेवा, थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा. करारात हवाई मार्गाने इस्पितळात हलवण्याची सोय स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे का ते वाचा, आणि कॅम्पपासून जवळची धावपट्टी पावसाळ्यात गाडीने किती तासांवर आहे हे एचआरला नको, तिथे आत्ता काम करणाऱ्या कुणाला तरी फोन करून विचारा.